बेबीनंदापर्यंत निरोप

बेबीनंदा हिवाळे आमच्या कारखान्यात निवडणीच्या पट्ट्यावर बसायची. जालना एमआयडीसीत बियाण्यांचे कारखाने आहेत, त्यांतलाच आमचा एक. मी तिथं लॅबमध्ये. बियाणं किती उगवतं, त्यात ओल किती, हे तपासणं माझं काम. लॅबच्या काचेतून मला तो पट्टा दिसायचा. मक्याचे दाणे पट्ट्यावरून सरकत जायचे आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया त्यातला फुटका, काळा, किडका दाणा वेचून बाजूला टाकायच्या.

बेबीनंदा कोणाशी बोलत नाही, असा तिचा लौकिक होता. मागून हाक मारली तर वळायची नाही. जेवणाच्या सुटीत बाया हसल्या की तीही हसायची, पण जरा उशिरानं. तिच्यासमोर बसणारी गोजरबाई तर सरळ म्हणायची, "लई भाव खाते बाई ही." त्यावरही बेबीनंदा मान हलवून हसायची. मग गोजरबाईला आणखीच राग यायचा.

तिला ऐकूच येत नव्हतं, हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं.

पुढचं बरंचसं तिनं मला नंतर सांगितलं. तिचं माहेर केदारखेड्याचं. लग्न होऊन ती चंदनझिऱ्यात आली, राजानंदच्या घरी. राजानंद मालाचा टेम्पो चालवायचा. मुलगी शाळेत जायला लागल्यावर बेबीनंदा कारखान्यात यायला लागली, आणि पहिली कितीतरी वर्षं तिला कणसं सोलायच्या मशीनवर काम होतं. त्या मशीनजवळ माणूस माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडला तरी कळत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावरही तिच्या कानात मशीन चालूच असायचं. सुरुवातीला झोपून उठलं की ते बंद व्हायचं. पुढे पुढे बंद व्हायचं थांबलं, आणि त्या आवाजाखाली बाकीचे आवाज एकेक करून बुडत गेले. कुकरची शिट्टी गेली. दारावरची थाप गेली. फोनवरचं बोलणं गेलं. भात दोनदा करपल्यावर ती कुकरसमोर बसून वाफ बघायला लागली.

तिनं हे कोणाला सांगितलं नाही. हंगामी बायांना कामावरून कोणी काढत नाही, पुढच्या हंगामाला बोलावत नाहीत, एवढंच. आदल्या साली हाताला इजा झालेल्या एका बाईला असंच बोलावलं नव्हतं. ते तिच्या मनात बसलं होतं. मग ती बघून बघून जगायला शिकली. समोरच्याचे ओठ बघायचे, बाया उठल्या की उठायचं, हात थांबले की हात थांबवायचे.

आणि तिच्या शेजारी दैवशाला होती. सुपरवायझर काही ओरडला की दैवशालाचं कोपर हळूच हिच्या बरगडीला लागायचं. मग ती तोंड वळवून, ओठ मोठे करून सांगायची, "चहा", "थांब", "गाडी लवकर हाय." दैवशालानं कधी विचारलं नाही आणि हिनं कधी सांगितलं नाही. दोघींमध्ये ते ठरल्यासारखंच होतं.

उन्हाळ्यात, ऐन हंगामात, दैवशालाच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि ती परतूरला निघून गेली. तिच्या जागी कोणी बसलं नाही.

आता आमच्याकडे निरोप कसा जायचा ते सांगते. लॅबमध्ये एखाद्या लॉटचा निकाल आला की मी चिठ्ठी लिहायची. चिठ्ठी सुपरवायझर रामप्रसादकडे जायची. रामप्रसाद असेल गोदामात, नाहीतर वजनकाट्यावर, नाहीतर चहाच्या टपरीवर. तिथून तो यायचा आणि पट्ट्याच्या टोकाला उभा राहून ओरडायचा. भोंगाही होता, पण त्यातून माणूस बोलतोय की मशीन घासतंय हे समजायचं नाही. आमच्याकडे बातमी चालत यायची, आणि वाटेत चहा पिऊन यायची.

एका दुपारी असंच झालं. एका लॉटमध्ये ओल जास्त निघाली. तो थांबवायचा होता. चिठ्ठी गेली, रामप्रसाद आला, ओरडला. बायांचे हात थांबले. बेबीनंदा त्या दिवशी पट्ट्याच्या शेवटी होती, सगळ्यांना पाठ करून, निवडलेला माल पुढच्या हौदात सोडायच्या कामावर. ती सोडत राहिली. ओला माल चांगल्या मालात मिसळला. कळेपर्यंत हौद अर्धा भरला होता. सगळं पुन्हा काढून, पुन्हा वाळवून, पुन्हा चाळावं लागणार होतं.

रामप्रसाद धावत तिच्या तोंडासमोर आला.

"कान हायेत का न्हाई तुला? घसा फाटेस्तोर ओरडून राह्यलो मी!"

तिनं ओठ वाचले. 'कान' हा शब्द तर तिला लांबूनही ओळखू यायचा. खरं सांगायची वेळ हीच होती. ती खाली बघून म्हणाली, "चुकलं, साहेब. ध्यान नव्हतं माझं."

कामचोर म्हटलेलं चालेल, बहिरी म्हटलेलं नको, असं तिला त्या क्षणी वाटलं.

ते निस्तरता निस्तरता संध्याकाळ झाली. मॅनेजरसाहेबांनी प्रीतीला बोलावलं. प्रीती नुकतीच ऑफिसात लागली होती. कॉम्प्युटरवरची कामं तिच्याकडे होती. साहेब म्हणाले, हे पुन्हा होऊ नये, काय करता येतं ते बघ. चूक कोणाची हे शोधायला निघेल असं मला वाटलं होतं, पण ती पोरगी निरोप कुठं कुठं अडतो ते बघायला निघाली. मला विचारलं, गोदामात विचारलं, बायांची ने-आण करणाऱ्या गाडीवाल्याला विचारलं. मग पट्ट्यावर आली आणि एकेकीशी बोलायला लागली.

बेबीनंदाजवळ बसून तिनं विचारलं, "मावशी, लॉट थांबला हे तुम्हाला कोण सांगतं?"

बेबीनंदानं तिच्याकडे बघितलं. प्रीती भराभर बोलायची, ओठ फार हलवायची नाही. नवीन माणूस पहिल्यांदा काय विचारतं ते बेबीनंदाला पाठ होतं. ती म्हणाली, "चंदनझिऱ्याहून येते."

गोजरबाई फिसकन हसली. प्रीतीही हसणार होती. पण तिनं बेबीनंदाचे डोळे बघितले. ते डोळे प्रीतीच्या ओठांवर खिळले होते, आपण बरोबर बोललो की नाही याची वाट बघत. प्रीतीनं खिशातून मोबाईल काढला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि समोर धरला. लिहिलं होतं, 'मावशी, तुम्हाला ऐकायला कमी येतं का?'

बेबीनंदा सातवीपर्यंत शिकलेली. तिनं वाचलं. तिच्या हातातले दाणे खाली सांडले. आजूबाजूला बघून ती अगदी हळू म्हणाली, "म्याडम, कोणाला बोलू नका. पाया पडते."

प्रीतीनं ते पुसून टाकलं, मान हलवली आणि उठली. तिनं खरंच कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही.

पण तिचं काम त्या दिवसानंतर बदललं, हे मला आता मागं वळून बघताना समजतं. आधी ती फक्त रामप्रसादच्या फोनवर आपोआप निरोप पाठवायचं म्हणत होती. आता म्हणाली, पट्ट्यावर पडदा पाहिजे, टीव्हीएवढा, आणि प्रत्येक बाईला बसल्या जागेवरून दिसेल असा. एक पुढं आणि एक मागच्या टोकाला. साहेब म्हणाले, मागच्या टोकाला कशाला, तिथं एकच बाई असते. प्रीती म्हणाली, "सर, गेल्या वेळी माल तिथूनच गेला ना." साहेबांना पटलं.

व्यवस्था साधी होती. मी लॅबमध्ये निकाल कॉम्प्युटरवर भरला की बाकी सगळं आपोआप. लॉट पास झाला तर पडदा हिरवा, तपासणी चालू असेल तर पिवळा, थांबवायचा तर लाल, आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरांत दोन ओळी. गाडीची वेळ बदलली, उद्या सुटी असली, की तेही पडद्यावर, आणि वर प्रत्येकीच्या मोबाईलवर. चिठ्ठी गेली. चालत जाणारी बातमी गेली.

रामप्रसादला ते आवडलं नाही. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "मंग मी काय करू, ताई? नुसता उभा राहू का?"

सुरुवातीला गोंधळही झाला. प्रीतीनं पाठवलेला 'नमस्कार, हा चाचणी संदेश आहे' एवढाच निरोप सगळ्यांच्या मोबाईलवर पुन्हा पुन्हा येत राहिला. गोजरबाईला वाचता येत नव्हतं. तिनं नातवाकडून वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन प्रीतीला हात जोडून म्हणाली, "नमस्कार, म्याडम. लई बार केला तुमी, मला एकदाच जमतंय."

मग एका सकाळी पडदा पहिल्यांदा लाल झाला. निकाल मीच भरला होता, म्हणून मी काचेतून बघत होते. मशीनचा आवाज तसाच, बाया खाली मान घालून वेचतायत, रामप्रसाद पाठ करून उभा. सगळ्यांत आधी थांबला तो बेबीनंदाचा हात. तिनं पडदा वाचला, मग समोरच्या गोजरबाईच्या हातावर थाप मारली आणि वर बोट दाखवलं.

"थांबा. लाल झालं. ओल जादा हाय म्हणते."

इतकी वर्षं तिला प्रत्येक गोष्ट शेवटी कळायची. त्या दिवशी तिनं दुसऱ्या कोणाला तरी काहीतरी सांगितलं. ती खाली बसली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती. मला वाटलं, घाम पुसतेय.

त्यानंतर गोजरबाई तिच्या शेजारी येऊन बसायला लागली. पडद्यावर अक्षरं आली की विचारायची, "काय म्हणतंय गं ते?" बेबीनंदा वाचून दाखवायची. गोजरबाईचे प्रश्न तिला ऐकू यायचे नाहीत, पण प्रश्न तो एकच असायचा, त्यामुळे अडायचं नाही. जेवणाच्या सुटीत दोघींचे डबे एकत्र उघडायला लागले. भाव खाते म्हणणारी गोजरबाईच आता सांगायची, "बाई मऊ हाय, नुसती दिसायला कडक."

इकडे घरी काय होतं ते मला माहीत नव्हतं. घरी राजानंद आणि ती, दोघंच. मुलगी लग्न होऊन वाटूरला गेली होती. आणि घर गप्प झालं होतं. राजानंदला आधी सवय होती, टेम्पो लावला की गल्लीतूनच "नंदा, चहा टाक" म्हणत यायची. एक दिवस उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो बोलायचा, ती पाठमोरी भाकरी थापत राहायची. त्याला वाटलं, हिचं मन उडालं आपल्यावरून. तो मानी माणूस, त्यानं हाका मारणं सोडून दिलं. तिला दिसलं की याचे ओठ आता हलतच नाहीत. तिला वाटलं, याला आपल्याशी बोलायचं नाही. भांडण न होता दोघं अबोल्यात राहत होते.

एका संध्याकाळी ती ओट्यावर मोबाईल बघून एकटीच हसत होती. गोजरबाईनं नातवाकडून तिला निरोप लिहून घेतला होता, 'उद्या ठेचा आन'. राजानंद दारात उभा राहिला. किती दिवसांनी ती हसताना दिसली होती. त्यानं विचारलं, "काय झालं?" ती हसतच राहिली. त्यानं मोठ्यानं विचारलं. तिनं मान वर केली नाही. तो तिच्या अगदी मागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं हातातली टेम्पोची किल्ली पत्र्याच्या डब्यावर जोरात आपटली. शेजारची कोंबडी उडाली. बेबीनंदा जागची हलली नाही.

तो समोर येऊन खाली बसला. तिनं दचकून त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा बघून तिला समजलं की याला कळलं.

राजानंदला लिहायचा कंटाळा. पण माल पोचवण्याचे निरोप तो मोबाईलवर बोलून पाठवायचा, मोबाईल त्याचं बोलणं अक्षरांत उतरवायचा. त्यानं तोच मोबाईल तोंडाजवळ धरला आणि बोलला, "तुझे कान गेले, तर मला काहून सांगितलं न्हाई?" आणि मोबाईल तिच्या हातात दिला.

तिनं वाचलं आणि ती ताडकन उठली.

"काम गेलं? कोण म्हणलं? प्रीती म्याडमचा फोन आल्ता का तुमाला? कधी आल्ता?"

मोबाईलनं 'कान'च्या जागी 'काम' लिहिलं होतं. राजानंदला काही समजेना. ती रडायलाच लागली. त्यानं मोबाईल घेऊन बघितलं, मग कपाळावर हात मारला, आणि स्वतःचे दोन्ही कान धरून तिला दाखवले. "काम न्हाई, कान! कान!"

कान धरून उभा असलेला नवरा बघून ती रडता रडता हसली. तोही हसला. मग हसणं ओसरलं. त्यानं पुन्हा मोबाईल तोंडाजवळ धरला आणि या वेळी फार हळू, एकेक शब्द सुटा करून बोलला. अक्षरं उमटली, 'मला वाटलं तू माझ्याशी बोलणं टाकलं.'

"मला बी तसंच वाटलं व्हतं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी त्यांचा स्वयंपाक राहून गेला. तो बोलत होता, मोबाईल लिहीत होता, ती वाचत होती. मोबाईल मधेमधे चुकायचा आणि दोघं त्यावर हसायचे. टेम्पोचं काय झालं, कोणाचा मुलगा पोलिसात लागला, वाटूरहून लेकीनं काय सांगितलं, असं साठलेलं कितीतरी बोलणं होतं. शेवटी राजानंद म्हणाला, "दवाखान्यात जायचं. आन साहेबाला तू स्वतः सांगायचं. लपवायचं न्हाई बिलकुल."

तिनं बरेच दिवस घेतले. मॅनेजरसाहेबांकडे जायची हिंमत होईना, म्हणून ती आधी रामप्रसादकडे गेली. ओरडला होता तोच, पण रोज समोर असलेला माणूसही तोच होता. जेवणाच्या सुटीत तो वजनकाट्याजवळ उभा होता. तिनं मागून हाक मारली, "साहेब." तो वळला नाही. पुन्हा हाक मारली. तरी नाही. ती थबकली. हे तिच्या ओळखीचं होतं. वळसा घालून त्याच्यासमोर गेली तेव्हा तो दचकला, अगदी ती दचकायची तसा.

"साहेब, त्या दिवशी माझं ध्यान व्हतं," ती म्हणाली. "ऐकू आलं न्हाई. मला ऐकूच येत न्हाई बराबर."

रामप्रसादचा चेहरा उतरला. "बाई, मी तुला सगळ्यांसमोर..." एवढंच बोलून तो थांबला.

तिनं ते वाचलं. हातानंच राहू द्या म्हणाली, आणि मग जरा भीत भीत म्हणाली, "साहेब, राग मानू नका. मी मागून दोनदा हाक मारली तुमाला."

"कधी?"

"आत्ताच."

तो माणूस इतकी वर्षं त्याच मशीनच्या बाजूला उभा होता. तो एवढा ओरडून का बोलतो याचं आम्हाला कोणालाच कधी नवल वाटलं नव्हतं. सुपरवायझर ओरडतातच, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढचं मी आणि प्रीतीनं मिळून केलं. साहेबांना सांगताना बेबीनंदाच्या शेजारी रामप्रसाद स्वतः उभा राहिला, त्यामुळे ते सोपं गेलं. साहेबांनी सगळ्यांचेच कान तपासून आणा म्हटलं, आणि मशीनवरच्या प्रत्येकाला कानात घालायचे बोळे दिले. ते आधीच द्यायला हवे होते, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण पडद्यावर रोज सकाळी पहिली ओळ 'कानात बोळे घाला' अशी यायला लागली ती त्यांच्याच सांगण्यावरून.

बेबीनंदा आणि रामप्रसाद एकाच दिवशी सरकारी दवाखान्यात गेले. मी सोबत होते, आणि राजानंद टेम्पो घेऊन आला होता. मी आणि राजानंद चहा आणायला बाहेर गेलो. परत आलो तर दोघं बाकड्यावर शांत बसलेले, आणि आतली नर्स दारात उभी राहून कंटाळलेल्या सुरात नावं घेतेय. "बेबीनंदा हिवाळे! रामप्रसाद! किती येळ हाका मारून राह्यले मी, कुठं गेल्ते हे लोक?" दोघंही तिच्याकडे कौतुकानं बघत होते, दुसऱ्या कोणाला तरी बोलावतेय असं समजून. आम्ही सांगितल्यावर रामप्रसाद असा हसला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बेबीनंदा तर पोट धरून हसत होती, आणि या वेळी सगळ्यांच्या बरोबर.

रामप्रसादचं थोडक्यात निभावलं. तो आता बोळे घालतो, हळू बोलतो, आणि काही सांगायचं असलं की समोर येऊन सांगतो. पडद्याचा राग त्याला राहिलेला नाही. बेबीनंदाचा एक कान कामातून गेला आहे. दुसऱ्याला यंत्र मिळालं, त्यानं बऱ्यापैकी ऐकू येतं. पण कारखान्यात ती ते काढून डबीत ठेवते. पडदा आहे, गोजरबाई आहे, तिथले आवाज तिला ऐकायचे नाहीत. संध्याकाळी गाडी चंदनझिऱ्याच्या वळणावर थांबली की ती उतरते, रस्त्याच्या कडेला उभी राहून यंत्र कानाला लावते, आणि मग घराकडे चालायला लागते.